वारसाचे कलम

"हात वर करा, बाबांनो! का पगारवाढ नको हाय?"

शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या फाटकासमोर कामगार संघटनेचे अध्यक्ष हंबीरराव विचारीत होते. मालकांनी नव्या करारात भरघोस वाढ मान्य केली होती. मात्र निवृत्त कामगाराच्या जागी त्याच्या अपत्यास कायम घेण्याचे जुने कलम वगळायचे होते. यापुढे भरती केवळ कंत्राटी.

हे कलम गर्दीत उभ्या असलेल्या आकारामच्या वडिलांच्या पिढीने दीर्घ संप करून मिळविले होते. त्याच्याच बळावर तो येथे वाळूचे साचे घडविणारा मोल्डर झाला. आता त्याची निवृत्ती समीप होती, आणि कन्या क्रांती त्याच कामाचे शिक्षण पूर्ण करून त्या जागेची प्रतीक्षा करीत होती.

"तात्या, तुमचा हात खालीच हाय," हंबीरराव आकारामला म्हणाले.

"माझी पोरगी वाट बघत बसलीया की."

"भट्टीचा सातबारा काय तुमच्या नावावर हाय व्हय?" मागून कोणी ओरडले. हशा पिकला.

हंबीररावांनी स्वर उतरविला. "एकी फुटली तर मालक वाढबी देणार न्हाय, तात्या. ह्या तरण्या पोरांचं कर्जाचं हप्तं थकल्यात."

आकारामने मान वळवून मागे उभ्या तरुण कामगारांच्या मुखांकडे पाहिले. मग त्याचा हात सावकाश वर गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. यंत्रपूजेच्या या एकाच दिवशी कामगारांच्या कुटुंबीयांना आत प्रवेश मिळे. क्रांतीने पादत्राणे बाहेर काढून आकारामच्या साच्यांच्या चौकटीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले.

"आप्पा, पुढल्या साली ही पूजा माझ्याकडं. तुम्ही पावणं म्हणून यायचं!"

रात्रभर ओठांशी अडलेले शब्द आता त्याला रोखवेनात.

"क्रांते, ते कलम गेलं, बाळ."

हळदीने माखलेली तिची बोटे थबकली. "कुणी घालवलं?"

"सगळ्यांनी. मीबी हात वर केला."

"पुण्याच्या नोकरीचं बोलावणं मी ह्याच जागंपायी सोडलं, आप्पा."

"ठावं हाय."

तिने चौकटीवरची माळ सारखी केली. मग पदराने बोटे पुसून म्हणाली, "वाढ तरी बरी मिळाली न्हवं?"

इतक्यात भोंगा झाला. रखवालदाराने हाक दिली, "घरच्या मंडळींनी बाहेर पडा!" क्रांती प्रसादाचा द्रोण घेऊन इतर स्त्रियांमागोमाग निघून गेली. तिने मागे वळून पाहिले नाही.

सायंकाळी आकारामने खराटा घेतला. भूमीवरील काळी वाळू त्याने नित्याप्रमाणे एकसारखी केली. चौकटीसमोर मात्र क्रांतीच्या अनवाणी पावलांचे ठसे उमटले होते. तेवढी जागा त्याने राखली आणि खराटा भिंतीला टेकवून ठेवला.