धुऱ्यावरची जागा

“पाटील, पंधरा पैसे किलो. तुमी हो म्हना, आमी ओट्या बांधतो.”

इंझोरीच्या शेषराव पाटलांचा कापूस फुटला की वेचणीच्या पहिल्या सकाळी बाया थेट शेतात उतरत नसत. आधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रांगेनं बसत, मधोमध पंचफुला. तिनं भाव ठरवल्याशिवाय एकीचाही हात बोंडाला लागत नसे. पंचफुला अंगानं काडी, पण एकदा बसली की पाटलांच्या बैलजोडीनंही हलली नसती. दरवर्षी पाटील चिडत, तांब्याभर पाणी पीत आणि कबूल होत.

यंदा त्यांनी पाणी मागितलं नाही. शेताकडे बोट दाखवलं.

“ते पाहा. पुसदकडच्या तांड्यातल्या बाया. दहा पैशात वेचून राह्यल्या. तुले परवडत असन तं ये, नाही तं बस.”

शेतात वीसेक अनोळखी बाया वाकल्या होत्या. त्यांच्या डोंगरात दोन सालं पीक बुडालं होतं, हे साऱ्यांना ठाऊक होतं. पण म्हणून काय आमच्या पोटावर पाय द्यायचा? पंचफुलाला त्यांचा मनापासून राग आला.

“बसा वं,” ती म्हणाली. बाया तीन दिवस बसल्या.

बसल्या बसल्या तिला दिसलं, की त्या बाया भर दुपारीही वेचतात. सकाळी दंवानं पाला मऊ असतो. उन्हात त्याचा चुरा होऊन कापसाला चिकटतो. ज्वारीच्या मुलखातल्या बायांना हे कोण सांगणार? पंचफुलानं तर नाहीच सांगितलं. उलट ती गालातल्या गालात हसली.

चौथ्या दिवशी पाटलांच्या कापसाला खरेदी केंद्रावर हलका दर्जा लागला, आणि पाटील धुऱ्यावर हजर.

“चाल पंचफुला. पंधरा देतो. त्याइले लावतो हाकलून.”

तिची मैत्रीण वच्छला लगेच कमरेला कापसाची ओटी बांधू लागली. पंचफुलाची नजर मात्र शेतातल्या एका बाईवर गेली. रामीबाई तिचं नाव, हे मागून कळलं. पाटलांचं बोलणं तिनं ऐकलं होतं, आणि ओटीतला कापूस आता कुठं ठेवावा हे न कळून ती तशीच उभी होती.

“त्याइलेबी पंधरा द्या,” पंचफुला म्हणाली. “वेचनं मी शिकवतो. आज दहावाल्या हाकलसान, पुढच्या साली दुसऱ्या आनसान.”

वच्छलानं कपाळावर हात मारला.

पाटील चिडले, तांब्याभर पाणी प्याले आणि कबूल झाले. भाव टिकला. पण दुप्पट हात लागल्यानं महिन्याचं काम पंधरवड्यात उरकलं. “आता भाव शिजवून खाय,” वच्छला म्हणाली. तिचं खरंच होतं, म्हणून पंचफुलाला ते फार लागलं.

“धनजकडं कापूस उभा हाये म्हनते. येतं का माय?” रामीबाईनं निघताना विचारलं. कामासाठी कधी गाव न सोडलेल्या पंचफुलानं भाकरी बांधल्या. वच्छला तणतणत मागोमाग आली.

धनजच्या शेताशी पोचल्या तेव्हा धुऱ्यावर तिथल्या बाया रांगेनं बसलेल्या होत्या, मधोमध एक म्हातारी. शेतमालक यांना पाहून खुलला.

“या, या! दहा पैसे. उतरा शेतात.”

म्हातारीनं पंचफुलाकडे पाहिलं. तो राग पंचफुलाच्या ओळखीचा होता. तिनं बांधलेली ओटी सोडली, घडी करून कमरेला खोचली आणि धुऱ्यावर गेली.

“सरक वं माय जराशी,” म्हातारीशेजारी टेकत ती म्हणाली. “किती मांगून राह्यल्या?”