वरातीसाठी वर केलेले दिवे

गॅरेजवाल्या उस्ताद नईमने मला बजावून सांगितलं होतं. माझ्या मोटरसायकलच्या लेगगार्डवर दोन जादा दिवे बसवून झाल्यावर त्याने भिंतीवर खडूने रेघ मारली.

"शहाता, उजेड या रेघेच्या वर जाता कामा नये. आणि डिपरला जोडतो, म्हणजे समोरून कोणी आलं की विझतील."

"नको उस्ताद, वेगळं बटण दे. गुरुवारी भावाची वरात आहे, उजेड वर, नवरीच्या गाडीवर पडायला हवा. रस्ता बघायला दिवे म्हातारे लावतात."

"कर बाबा वर. पण वरात झाली की खाली कर. कालव्याच्या रस्त्याला कठडा नाही."

आमच्या गावात वरातीपुढे मोटरसायकली नाचवतात. त्या दिवशी लोक नवरीला सोडून माझ्याकडेच बघत होते आणि मी फुगून टम्म झालो होतो. शुक्रवारी पाना हातात घेतला आणि परत ठेवला. दोन मिनिटांचं काम होतं. खरं सांगायचं तर ते दिवे लोकांच्या डोळ्यांत खुपायलाच हवे होते मला.

शनिवारी सकाळी वीटभट्टीवर निघालो तर कालव्यावर दाट धुकं. दोन्ही दिवे लावले. समोरून सायकलची घंटी वाजली, एकदा, मग घाईघाईने दोन-तीनदा. मी ऐटीत हॉर्न दिला. मग डबे आपटल्याचा आवाज झाला आणि पाण्यात काहीतरी धपकन पडलं.

मी गाडी थांबवली आणि आधी त्या दिव्यांचं बटण बंद केलं. आधी बटण, मग माणूस. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दूधवाला मितवल्लीकाका होता. काठावर ओढून आणला तेव्हा त्याचा हात मनगटात वाकडा झाला होता, पण हाताचं त्याला काहीच नव्हतं. "फटफटी ऐकू आली रे," तो थरथरत म्हणाला, "पण समोर नुसतं पांढरं. माझ्या भावाचे डोळेही असेच गेले होते. गेले माझे डोळे."

माणसं जमली. बोलायची वेळ तीच होती. तेवढ्यात कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास पठ्ठ्या! अल्लानेच धाडलं तुला!" आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

त्याच दिवशी दिवे उतरवून टाकले. मग रोज संध्याकाळी संत्री घेऊन काकांकडे जायला लागलो. सनियाकाकू मला जेवल्याशिवाय सोडत नसे. मक्याची भाकरी, खारवलेलं चीज, वर भरपूर साखरेचा चहा. "पोटच्या पोरांनी केलं नसतं ते तू केलंस," असं ती म्हणायची आणि आणखी भाकरी वाढायची. पोरांनी बापाला सांगून टाकलं, आता सायकल बंद. काका ओट्यावर बसून राहायचा. अधूनमधून डोळ्यांसमोर बोटं धरून मोजायचा.

नवव्या दिवशी त्याने बोटं मोजायला घेतली आणि मला ते बघवेना.

"काका, तुमचे डोळे ठीक आहेत. माझे दिवे वर केलेले होते. वरातीसाठी."

त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. बटणाचं तेवढं सोडून मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण म्हातारा हसायला लागला. "सनिया! अगं ए सनिया! मी आंधळा नाही गं! या गाढवाचे दिवे होते!" त्याने धड हाताने माझं डोकं ओढून कपाळाचा मुका घेतला. मग उठून लगबगीने दाराआडच्या सायकलच्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथेच थबकला. कोपरा रिकामा होता.

काकू पदराला हात पुसत बाहेर आली. ओरडली नाही.

"परवा पोरांनी गिऱ्हाईक आणलं," ती म्हणाली, "तेव्हा सायकल त्याच्या टेम्पोत तूच चढवलीस ना रे?"

"हो," मी म्हणालो. चढवली होती. दोरीही मीच बांधली होती.