सल्ला द्यायला पाय लागत नाही

महादू खोबरेकर माडावरून पडला तेव्हा माडावर एकही नारळ शिल्लक नव्हता. काम पुरं करून पडला. ही गोष्ट तो भेटेल त्याला आवर्जून सांगतो, कारण अर्धं काम टाकून पडणारा पाडेली म्हणून आपलं नाव व्हावं हे त्याला मान्य नाही. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ काढून देणारा. आडनाव खोबरेकर हा निव्वळ योगायोग. मालवणात या आडनावाचे मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, त्यांना कोणी नारळाचं विचारत नाही.

डाव्या घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, तीन महिने माड फक्त खालून बघायचा. त्याआधी चढलास तर पुन्हा कधी चढणार नाहीस.

घरात तीन महिन्यांची नव्हे, तीन आठवड्यांची सोय होती. बायको तुळसा काजूच्या कारखान्यात जायची, तिच्या मजुरीत डाळ-तांदूळ निघायचे. विजेचं बिल, गॅस, मुलीच्या वसतिगृहाचे पैसे हे सगळं माडावरून यायचं. थोडक्यात, कुठून तरी मदत मिळाली तर हाड जुळेपर्यंत घरी बसायचं, नाही तर महिन्याभरात एका पायाने माडावर. दुसरी वाट महादूने मनातल्या मनात दोनदा चढून पाहिली होती. दोन्ही वेळा अर्ध्यावरून उतरला.

तेवढ्यात सनी आला. तारकर्लीला सनीच्या आईची, सेलेस्तीनबाईंची, साठ माडांची बाग. त्या बागेत पुण्याच्या एका कंपनीने रिसॉर्ट काढलंय आणि सनीलाच मॅनेजर नेमलंय, म्हणजे स्वतःच्या बागेत तो आता पगारी आहे. त्याने अंगणात मोटारसायकल लावली आणि बातमी सांगितली.

"महादूदादा, तू फ्रीलान्सर आसंस."

"फ्री?" महादू ताडकन उठून बसला. "फुकट कोणाच्या माडार चढलंय रे मी? नाव सांग."

"तसा न्हय. जो सगळ्यांचा काम करता आणि ज्याचो मालक कोण नाय, तो फ्रीलान्सर."

"तो पाडेली," आतून तुळसा म्हणाली.

सनीचं म्हणणं असं की सरकारने योजना काढली आहे, 'मुक्त व्यावसायिक आधार'. जो कोणाचा नोकर नाही आणि ज्याचं दुकानही नाही, अशा माणसाचं काम अपघाताने बंद पडलं तर तीन महिने, महिना आठ हजार. योजना चांगली होती. योजना चांगल्याच असतात. त्यांच्यात माणसं घालायला गेलं की बिघडतात.

दुसऱ्या दिवशी सनीने महादूला रिक्षात घालून तालुक्याच्या कचेरीत नेलं. कचेरीत महादू शुद्ध बोलतो. चप्पल काढावी तशी मालवणी दाराबाहेर काढून आत जातो. त्या दिवशी एक पाय प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे एकच चप्पल निघाली.

"मॅडम, मी माडावर चढतो आणि नारळ पाडतंय," तो म्हणाला.

टेबलामागे संचिता मॅडम होत्या. तिशीच्या, कुडाळच्या, नीटनेटक्या. त्यांनी विचारलं, "मालकाचं नाव?"

"त्रेचाळीस आसत... आहेत."

"एक लिहायचं असतं."

"एकाचा लिवलंय तर बेचाळीस रागावतले."

मॅडमनी समजावून सांगितलं. नोकरी असेल तर मालकाचा दाखला हवा. धंदा असेल तर कराचा कागद हवा. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण काहीतरी हवं.

महादू आधी दाखल्याच्या मागे लागला. गुरुदास नावाच्या बागवाल्याकडे तो पंधरा वर्षं चढतोय. गुरुदासने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि दाखल्याचं नाव काढताच हात जोडले. "महादू, तू माका देवासारखो. पण माका मालक म्हणा नको. आज मालक म्हटलंस तर उद्या तुझो फंड माका भरूचो लागतलो." बाकीचेही असेच. वर्षानुवर्षं 'आमचो महादू, आमचो महादू' म्हणणारे एकेचाळीस लोक एका आठवड्यात त्याला ओळखेनासे झाले. बेचाळिसावा बहिरा होता, त्याने दाखल्याऐवजी दहा शहाळी दिली. त्रेचाळिसावी रिसॉर्टची कंपनी, तिच्या लेखी महादू नोकरच नव्हता.

राहिला कर. निम्म्या बागांत महादूला माडामागे एक नारळ मिळतो. त्यावर दहा टक्के कर कापायचा तर सरकारला करवंट्या पाठवाव्या लागतील. पण रिसॉर्टची कंपनी त्याला महिना पाच हजार बँकेत द्यायची आणि त्यातले पाचशे कापायची. महादूला वाटायचं, ते सनी खातो. सनीला वाटायचं, महादूला माहीत आहे. ते पैसे कर म्हणून सरकारात जातात हे ऐकून महादू पहिल्यांदाच सनीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे तू बरो माणूस आसंस रे!"

सनीने कंपनीकडून त्या पाचशेचा कागद मागवला आणि मॅडमसमोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं: श्री. महादू खोबरेकर, सुरक्षा सल्लागार.

"हे कोणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

सनीला आठवलं. पुण्याच्या हिशेबनिसाने फोनवर विचारलं होतं की हा माणूस नक्की काय करतो. सनीने सांगितलं, पाहुण्यांच्या डोक्यावर नारळ पडू नयेत म्हणून तो ते पाडतो. "पडू नयेत म्हणून पाडतो," असं हिशेबनीस दोनदा पुटपुटला. त्याच्या कॉम्प्युटरच्या यादीत असा धंदा नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा त्याने निवडला.

आठ दिवसांनी टपालाने उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारण: अर्जदार हे सल्लागार असून पायाच्या दुखापतीमुळे त्यांच्या सल्ला देण्याच्या क्षमतेवर परिणाम झाल्याचे दिसून येत नाही.

तुळसाने ते दोनदा वाचलं. "बरोबरच लिवलेला आसा," ती म्हणाली. "सल्लो देवक तुमका पाय कशाक होयो? तोंड धड आसा."

महादू हसला नाही. कुबडी घेऊन पुन्हा कचेरीत गेला. संचिता मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी दार पुढे लोटलं आणि हळू आवाजात एक वाट सांगितली. निराधारांचा अर्ज भरा. 'मला उपजीविकेचे कोणतेही साधन नाही, मी बेकार आहे' अशी एक ओळ लिहून सही करा, लगेच होईल.

"मी बेकार?"

"फक्त कागदावर."

"मॅडम, सव्वीस वर्षां चढतंय मी. कागदार पडूक नाय कधी." मालवणीच्या जागी आता शुद्ध भाषाच दाराबाहेर गेली होती. "तुमी माका सल्लागार म्हणा, मी गप रवलंय. बेकार मी माज्या हातान लिवचंय नाय. आठ हजारांक नाय आणि आठ लाखांक नाय."

"खोबरेकर, मला तुमचं कळतं," मॅडम म्हणाल्या. "मीही इथे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहे. सहा वर्षं. मी इथली आहे की नाही हे दर वर्षी नव्याने ठरतं. पण माझ्या हातात काही नाही."

महादू बाहेर येऊन पायरीवर बसला. रिक्षा यायची होती. पाडेली रिकामा बसला की वर बघतो. कचेरीच्या मुख्य दारावर एक माड ओणवा झाला होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. बोटांवर त्याने काहीतरी मोजलं. मग उठला आणि घरी जाऊन तुळसाला म्हणाला, "अगो, तुजा अक्षर बरा. वही घेवन ये."

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या आवक खिडकीवर एक पत्र आलं.

'महोदय, आपल्या कार्यालयाने लेखी ठरवल्याप्रमाणे मी सुरक्षा सल्लागार आहे. त्या नात्याने कळवतो की आपल्या मुख्य दारावरील माडास एकोणीस सुके नारळ व तीन वाळलेल्या झावळ्या असून त्यांचे देठ सैल झाले आहेत. हे सर्व लवकरच खाली येईल. दार बंद ठेवावे. माझा पाय मोडलेला आहे, परंतु या सल्ल्यावर त्याचा परिणाम झालेला नाही.'

पत्रावर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला. शिक्का नसलेलं पत्र कचेरीत वाऱ्याने उडतं. शिक्का बसलेलं माणसाच्या नोकरीवर जाऊन बसतं. कचेरीच्या मुख्य साहेबांनी ते वाचलं आणि हसून बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी एक नारळ पडला. लागला कोणाला नाही. दाराशी पत्र्याची सूचनापेटी होती, ती चपटी झाली. साहेबांनी पत्र पुन्हा मागवलं. आता अठरा उरले होते आणि इशारा लेखी होता. एखाद्याच्या टाळक्यात बसला असता तर चौकशीत पहिला कागद हाच निघाला असता.

मुख्य दाराला कुलूप लागलं. लोक मागून येऊ लागले, म्हणजे आधी मोरी, मग जुन्या दप्तरांची खोली, मग साहेब. साहेबही तसेच येऊ लागले.

मग धोंडूला बोलावलं. धोंडू हा पंचक्रोशीतला दुसरा पाडेली. त्याने कमरेला कोयती लावली, माडाकडे पाहिलं, आणि साहेबांना म्हणाला, "चढतंय, सायबांनू. पण पडलंय तर माका काय समजतलात? कामगार की सल्लागार? तेवढा आधी लिवन देवा."

साहेबांनी ते लिहून दिलं नाही. धोंडू चढला नाही.

शेवटी महादूला बोलावणं आलं. सोबत तुळसाही गेली. मोरी ओलांडताना तिने पदर नाकाला लावला आणि खोलीत शिरल्यावरही काढला नाही.

"खोबरेकर, हे पत्र मागे घ्या," साहेब म्हणाले.

"कोणी मागे घेवचा? सल्लागारान की पाडेल्यान?"

"शब्दांत पकडू नका."

"तुमीच पकडलात सायबांनू, मी नाय. मी सल्लागार आसंय तर सल्लो खरो, दार बंद. मी पाडेली आसंय तर अर्ज खरो, पाय मोडलो आणि काम बंद. एक काय ता ठरवा. माका दोनय चालतत."

साहेबांनी संचिता मॅडमकडे पाहिलं. मॅडम कागदांत पाहत होत्या. "सर, तसं टिपण करता येईल," त्या अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या. "पण यादीत 'पाडेली' हा शब्द नाही. 'कृषी सहायक' आहे."

"कृषी सहायक लिहा मग."

"नको," महादू म्हणाला. "उद्या माका भाताची रोगराई विचारतले."

"अहो, शब्दाने काय फरक पडतो?"

"पडता," तुळसा पदराआडून बोलली. "आमी महिनाभर शब्दानच उपाशी रवलंव."

संचिता मॅडमनी यादीच्या तळाशी 'इतर'वर खूण केली, पुढच्या चौकटीत पा-डे-ली अशी अक्षरं टाकली आणि स्क्रीन साहेबांकडे वळवला. साहेबांनी टिपणावर सही केली: 'अर्जदार हे सल्लागार नसून पाडेली आहेत. पायाशिवाय त्यांचे काम होऊ शकत नाही. पूर्वीची नामंजुरी रद्द. तीन महिन्यांचे साहाय्य मंजूर.' महादूने त्याची प्रत मागितली, प्रतीवर शिक्का मागितला, शिक्का पुसट उमटला म्हणून दुसरा मागितला.

मग शब्दाला जागून त्याने 'सल्ला मागे घेत आहे' असं लिहून खाली सही केली.

साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी शिपायाला हाक मारून मुख्य दाराचं कुलूप काढायला सांगितलं, स्वतः उठून दार उघडलं, आणि कित्येक दिवसांतला पहिला मोकळा श्वास घ्यायला पायरीवर पाऊल टाकलं.

"सायबांनू!" महादू आतून कुबडी उगारून ओरडला. "पत्र मागे घेतलंय. नारळ नाय!"