दोऱ्याची खाच

"मावशी, ही खाच कशाची हो?"

प्रतिभाच्या तोंडात छोटा आरसा होता, इंजेक्शनमुळे वरचा ओठ जड होऊन आपला राहिला नव्हता आणि हनुवटीवरून ओघळ चालला होता. नेमकं अशा वेळी डॉक्टर लोक प्रश्न का विचारतात, हे तिला कळेना. तिनं एका हातानं हवेत सुई ओढल्यासारखं केलं, मग चिमटीतला नसलेला दोरा तोंडापाशी नेऊन मान हिसडली.

"शिवणकाम?"

तिनं मान हलवली. डॉक्टर दीपमालानं आरसा बाहेर काढला.

"हार," प्रतिभा म्हणाली. शब्द अर्धा ओठातच राहिला. "फुलांचे."

"हां, तरीच तुमचा चेहरा ओळखीचा वाटत होता. इंदिरानगरातच, मंदिराच्या कोपऱ्यावर बसता ना? माझ्या क्लिनिकच्या उद्‌घाटनाला तुमच्याकडूनच तोरण आणलं होतं." डॉक्टर पोरगी होती, तिशीची असेल-नसेल. ती वाकून पुन्हा दात बघायला लागली. "टेलरांच्या दाताला असते अशी. पण एवढी खोल मी पहिल्यांदाच बघतेय. दात बरोबर तिथूनच तुटलाय. अर्धी खाच गेली, अर्धी राहिली."

"आईच्या पण होती. ह्याच दाताला."

"मग त्यांनाही घेऊन या एकदा. बघून टाकू."

"आई नाही आता. मार्गशीर्षात वर्ष होईल."

डॉक्टरनं दिवा थोडा खाली ओढला, आणि मग यंत्राचा तो बारीक, डोक्यात शिरणारा आवाज सुरू झाला. उरलेला दात घासून लहान करायचा होता, म्हणजे त्याच्यावर कॅप बसेल. प्रतिभानं डोळे मिटले. दात घासल्याचा जळका वास आला. अर्धी उरलेली खाचही आता जात असणार, हे तिला दिसत नव्हतं, पण कळत होतं.

आक्काबाई, म्हणजे प्रतिभाची आई, मूळची मखमलाबादची. मळ्यात झेंडू, शेवंती, गुलछडी. पहाटे फुलं खुडायची, टोपलीत ओला फडका टाकून शहरात आणायची आणि बसल्या जागी हार ओवायचे. प्रतिभाच्या लग्नानंतर लेकीचं घर इंदिरानगरात झालं, तशी आक्काबाई तिथल्या कोपऱ्यावर येऊन बसायला लागली, आणि पुढे दोघी मायलेकी शेजारी शेजारी बसू लागल्या. मांडीत फुलं, दोघींच्या मध्ये पाण्याचं भांडं. सुई शेवटच्या फुलातून निघाली की गाठ मारायची, दोरा दाताखाली धरायचा आणि मान किंचित हिसडायची. टच्. दिवसभर त्या दोघींच्या बाजूनं हाच आवाज येत राहायचा.

पण देवाच्या हाराला तसं करायचं नाही. तिथं आक्काबाई अर्ध्या ब्लेडनं दोरा कापायची, आणि कापण्याआधी ते ब्लेड पाण्यात बुडवून घ्यायची. दाताला लागलेला दोरा उष्टा. देवाला ब्लेड, माणसाला दात, असा तिचा सरळ हिशेब होता. लग्नातला हार, सत्काराचा हार, रिटायर होणाऱ्या साहेबाचा हार, मयताचा हारसुद्धा दातानंच.

एकदा एका बाईनं नाक मुरडलं होतं. "अहो, नवरदेवाच्या गळ्यात घालायचाय आणि तुम्ही दात लावता?"

"मग काय झालं?" आक्काबाई म्हणाली होती. "माणूस माणसाचं उष्टं खात नाय का? तू काय आईनं चावून भरवलेलं खाल्लं नाय व्हय ल्हानपणी?"

बाई हार घेऊन गेली. तिच्यामागे लखन रिक्षावाला उभा होता, रोज सकाळी रिक्षाला हार घेणारा. त्यानं तोंड बारीक करून विचारलं, "आक्का, मग माझी रिक्षा देव का माणूस?"

आक्काबाईनं रिक्षाकडे नीट बघितलं. "धूर काढती, रस्त्यात अडून बसती, रोज पैसे मागती. माणूसच हे." आणि टच्.

आई गेल्यावर प्रतिभानं धंदा बंद केला नाही. सुतकाचे दिवस संपले तशी ती पुन्हा कोपऱ्यावर जाऊन बसली. पण रोज पहाटे, नवरा धोंडीराम गणेशवाडीच्या बाजारातून फुलं घेऊन आला की पहिला हार ती घरातल्या फोटोसाठी ओवायची. बाहेरच्या खोलीत, दक्षिणेच्या भिंतीपाशी पाटावर आईचा फोटो होता. हार लहानसाच, दिसेल त्या फुलांचा. आणि दोरा दातानं तोडायची. धोंडीरामनं एकदा म्हटलं होतं, "अगं, फोटोला तरी ब्लेड घे. देवाघरी गेली ती." प्रतिभानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. देवाघरी जाणं वेगळं आणि देव होणं वेगळं, एवढं तिला कळत होतं, पण ते कुणाला बोलून दाखवावं असं वाटलं नव्हतं.

दसऱ्याला दात तुटला. त्या दिवशी मान वर करायला सवड नसते. गाड्यांचे हार, दुकानांचे हार, एकामागून एक. दात आधीपासून दुखतच होता. तिनं लवंग धरून दिवाळीपर्यंत ढकलायचं ठरवलं होतं. लखनच्या रिक्षाचा हार संपवून तिनं मान हिसडली, आणि टच् असा आवाज न येता कड् असा आला. तिनं तळहातावर थुंकून पाहिलं. पांढरा तुकडा, तांदळाची कणी असते तेवढा. शेवंतीच्या पाकळ्यांत पडला असता तर सापडलाही नसता.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. घे हार." आणि दोरा तुटला नव्हता, म्हणून तिनं तो ब्लेडनं कापला. लखननं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

मग दिवाळीनंतर रूट कॅनल झालं, आणि आता ही कॅप.

यंत्र थांबलं. डॉक्टरनं गुलाबी मळलेल्या पिठासारखं काहीतरी साच्यात भरून तिच्या तोंडात दाबून धरलं. माप. ते घट्ट होईपर्यंत उलटी येतेय की काय असं वाटत राहिलं. मग डॉक्टरनं दातांची एक माळ आणली, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत रंगाचे दात एका पट्टीला टांगलेले, आणि एकेक तिच्या दातांशेजारी धरून पाहायला लागली.

"हा रंग जुळतो. चालेल?"

"रंग कुठलाही चालेल." प्रतिभानं रुमालानं हनुवटी पुसली. "डॉक्टर, एक विचारू? त्यात ती खाच करता येईल का? जशी होती तशी."

डॉक्टर दीपमालाला वाटलं, बाई थट्टा करतेय. मग तिनं चेहरा पाहिला.

"मावशी, खाच म्हणजे दाताचा दोष असतो. आपण तो दुरुस्त करतोय."

"ते खरं. पण दोरा तिथं बसतो बरोबर."

"दोरा तर विसराच आता. ह्या दातानं दोरा तोडायचा नाही, सुपारी नाही, नखं नाही. कॅप सिरॅमिकची असते. टवका उडाला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून." ती थांबली. "कात्री वापरा ना. एवढं काय त्यात?"

"वापरते. ब्लेड आहे." प्रतिभा म्हणाली. "पण विचारून बघा की त्या बनवणाऱ्यांना."

"सांगते लॅबला," डॉक्टर म्हणाली. ते सांगणं कसलं असतं, ते प्रतिभाला कळलं. तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप लावून घेऊन ती घरी आली.

त्यानंतरचे दिवस तिला नीट आठवत नाहीत. मार्गशीर्ष लागला होता. गुरुवारी बायकांची गर्दी उसळायची. सगळे हार, सगळ्या वेण्या देवीच्या. सगळं ब्लेडचंच काम, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. फक्त पहाटेचा फोटोचा हार राहिला. तात्पुरत्या कॅपनं दोरा तुटेना. तिनं बाजूच्या सुळ्यानं प्रयत्न केला. दोरा निसटायचा, ओला व्हायचा, पिंजायचा, पण तुटायचा नाही. मान वाकडी करून, डोळे मिटून ती दोरा चावत बसायची. एकदा धोंडीराम चहाचा कप घेऊन दारात उभा राहून ते बघत राहिला.

"तुझी आई बघत असती तर ती तुलाच टाकून बोलली असती," तो म्हणाला. "दात बसवून घे एकदाचा. निदान हसताना तोंडावर हात तरी धरणार नाहीस."

"हसते कुठं मी?"

"तेच म्हणतोय."

मखमलाबादहून ज्ञानेशचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ, मळा तोच बघायचा. "ताई, गुरुजींशी बोललो. वर्षश्राद्धाचं सगळं ठरलंय. गुरुजी म्हणे, वर्ष झालं का आई पितरांत मिळाली. मग फोटो खाली नाय ठेवायचा. वर लावू, आबांच्या शेजारी. तुझ्याकडचा फोटो आण, तो चांगला हे. आन हार तूच कर. इथं शेवंती हे मळ्यात, आईनं लावलेली."

"अजून आहे ती?"

"हे ना. लय फुटलीय यंदा."

तिनं फोन ठेवला. मनात आलं, त्याआधी दात यायला हवा. कशासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

कॅप श्राद्धाच्या आदल्या दिवशी आली. डॉक्टरनं ती एका छोट्या डबीतून काढून तळहातावर घेतली. इतकी लहान वस्तू, पण आतून पोकळ आणि बाहेरून हुबेहूब दात. डॉक्टरनं ती बसवून पाहिली, निळा कागद चावायला सांगितला, थोडं घासलं, पुन्हा चावायला सांगितलं. मग आरसा दिला.

दात चांगला होता. शेजारच्या दाताचाच भाऊ वाटावा असा. खालची कड सरळ, पट्टीनं आखल्यासारखी.

प्रतिभानं जीभ दातावरून फिरवली. चाळीसेक वर्षं जीभ तिथं जायची आणि खाचेत थांबायची. आता ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि मागे आली.

"मी लॅबला खरंच सांगितलं होतं, मावशी," डॉक्टर म्हणाली. "त्यांना वाटलं, माझंच काही चुकलंय. सरळ करून पाठवली." तिचा आवाज थोडा खाली आला. "अजून चिकटवलेली नाहीये. हवं तर मी इथंच बारीक घासून देते. थोडीशी खाच. दिसेल तेवढी."

"त्यानं दोरा तुटेल?"

"नाही. दोरा नाहीच."

प्रतिभानं आरसा खाली ठेवला. बाहेर कुणाचं तरी लहान पोर रडत होतं आणि त्याची आई त्याला चॉकलेटचं आमिष दाखवत होती, दातांच्या दवाखान्यात.

"मग राहू द्या," ती म्हणाली. "नुसती दिसायला कशाला पाहिजे?"

डॉक्टरनं दात चिकटवायचं सिमेंट कालवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मखमलाबादच्या घरात स्वयंपाकाची घाई होती. ज्ञानेश गुरुजींना आणायला गेला होता. आईचा फोटो पाटावर पुसून ठेवला होता, आणि भिंतीवर आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, तसबिरीशेजारी नवा खिळा ठोकलेला होता. प्रतिभा ओसरीवर मांडी घालून बसली. तिच्या पुढ्यात मळ्यातली पिवळी शेवंती होती, अजून दंवानं गार. तिनं प्रत्येक फूल देठाकडून बघून घेतलं. घाई केली नाही. मध्ये पाण्याचं भांडं ठेवलं होतं, नेहमीसारखं. भांड्याच्या पलीकडे कुणी नव्हतं.

भावजय आशा हातातलं पीठ झटकत येऊन उंबऱ्यावर बसली. "किती मोठा करता, ताई? त्यांचं डोकं तरी दिसू द्या."

"ती होती तेव्हा तरी कुठं डोकं दिसायचं? पदरच असायचा."

आशा हसली. प्रतिभाही थोडी हसली, आणि नव्या दाताला वारा लागला.

शेवटचं फूल आलं. तिनं गाठ मारली, एकदा, मग वर दुसरी. दोरा चिमटीत धरला. हात आपोआप तोंडापाशी गेला, ओठ उघडले, दोरा दाताला लागला. जिभेनं खाच शोधली. सरळ, गुळगुळीत, गार.

ती तशीच थांबली. मग हात खाली आला.

पिशवीत कागदात गुंडाळलेलं आईचं ब्लेड होतं. अर्धं, एका बाजूला चिकटपट्टी लावलेलं. पट्टीवर आईच्या अंगठ्याचा काळपट डाग. ती ते रोज कोपऱ्यावर न्यायची आणि रोज परत आणायची. आजही सवयीनं पिशवीत टाकलं होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

तिनं ब्लेड पाण्यात बुडवलं.

आशाचं पीठ झटकणं थांबलं. आईंचा ब्लेडचा आणि दाताचा हिशेब तिलाही माहीत होता. "ताई," ती हळूच म्हणाली, "आईंना ब्लेड?"

"वर्ष झालं ना आता."

दोरा कापला गेला. कसलाच आवाज झाला नाही. बाहेर ज्ञानेशची गाडी थांबल्याचं ऐकू आलं, गुरुजींच्या चपला वाजल्या, आणि आशा पदर सावरत आत गेली. प्रतिभानं हार दोन्ही हातांत उचलला, आणि पाकळ्यांखाली लपवायच्या आधी सवयीनं दोऱ्याचं टोक बोटांत फिरवून पाहिलं. ते कोरडं होतं.