सोळा जणांचा एक ट्रे

माझ्या बहिणीचे यजमान घरी भावोजी असतात आणि ऑफिसात सर. पाय ओढायचे झाले तर कुठल्या नात्याने ओढावेत, एवढाच प्रश्न होता.

एका पार्सल कंपनीसाठी मी दोन वर्षं डोळे फोडून प्रोग्रॅम लिहिला. पट्ट्यावरून सरकणाऱ्या पार्सलांचे फोटो बघून तो मोजणी करायचा. प्रोसेसरमध्ये सोळा कोर, म्हणजे सोळा कारकून. प्रत्येकाने आपापला आकडा वाढवायचा. प्रात्यक्षिकाची पत्रिका छापून आली, तिच्यात निर्माता म्हणून नाव सरांचं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, आपण काय वेगळे आहोत का? तेव्हा ते भावोजी झाले होते.

मी जागेवर परत आलो आणि प्रोग्रॅममधली एक टीप खोडली. एकच.

टीप अशी होती : कोर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही. शेजारपाजारचे चौसष्ट बाइट एकदम, ट्रेमध्ये घालून आणावेत तसे, आपल्यापाशी आणतो. एकाच ट्रेवर दोघांचे कप असले, तर याने घोट घेतला की त्याने ट्रे ओढायचा, मग याने परत. सोळा जणांचे कप असले तर दिवसभर ओढाओढच. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे मी मुद्दाम जागा मोकळी सोडली होती. ज्याचा ट्रे त्याच्यापाशी.

सरांना मोकळं काही बघवत नाही. घरी पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्चीसुद्धा त्यांनी माळ्यावर टाकली आहे. शिवाय प्रोग्रॅम आपला म्हणायचा तर त्याला हात लागलेला बरा. प्रात्यक्षिकाच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं.

"ही एवढी जागा रिकामी कशाला? काढली तर उत्तर चुकेल का?"

"नाही सर, उत्तर तेच येईल."

खोटं बोलायचं नाही, हे आईने आम्हां भावंडांना लहानपणीच शिकवलं आहे. सरांनी सगळं झाडून साफ केलं.

दुपारी पार्सल कंपनीच्या बाई आल्या, चार माणसं घेऊन. एका कोरवर मोजणीला बारा सेकंद लागले. आता सोळा लावतो, असं म्हणत सरांनी बाह्या सावरल्या. एकोणीस सेकंद लागले. पुन्हा लावले. वीस.

उत्तर मात्र तेच आलं.

बाईंनी शांतपणे विचारलं की पंधरा माणसं जास्त लावल्यावर काम लांबतं कसं. निर्माता तुम्हीच ना? सरांचं बोट माझ्याकडे वळलं.

"हे यानं लिहिलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं यानंच."

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी थांबलो होतो, ते चारचौघांत, साक्षीदारांसमोर आलं. मी उठलो.

"सर, सकाळी तुम्ही काढलेल्या जागा परत घालू?"

बाईंची मान सरांकडे वळली. सरांनी सावरलेल्या बाह्या खाली ओढल्या. मी घाई केली नाही.

"घाल," ते म्हणाले.

जागा घालून सोळा कोर पुन्हा लावले, तर मोजणीला एक सेकंदही लागला नाही. बाईंनी पत्रिकेवरचं नाव खोडून माझं लिहून घेतलं.

संध्याकाळी ताईचा फोन. तुला आधीच माहीत होतं ना, म्हणाली. हो म्हणालो. मग म्हणाली, माळ्यावरची ती खुर्ची खाली काढायला एकदा ये.

हल्ली मी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये भरपूर मोकळ्या जागा सोडतो. सर त्यांना हात लावत नाहीत. त्यातल्या निम्म्या कामाच्या आहेत. कुठल्या, ते लिहून ठेवलेलं नाही.