चार आकडे कमी

कल्पना करा हं मुलांनो, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि घरच्या गाडीच्या चारही चाकांची हवा तुमच्या ताब्यात आहे. काम मोठ्यांचं, पण तुमच्या एकट्याचं. कॉलर ताठ होईल की नाही?

या गोष्टीतल्या मुलीची झाली होती. तिची आई नर्स. दवाखाना डोंगरावर, रस्ता निसरडा, म्हणून गाडी अशी घेतलेली की इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो. आईनेच तिला शिकवलं होतं, "टायरवर कोरलेला आकडा बघायचा नाही, तो शेवटची मर्यादा सांगतो. आपला आकडा गाडीच्या दाराआडच्या पट्टीवर. पुढे पस्तीस, मागे तेहतीस. आणि मोजायचं सकाळी, टायर गार असताना." दर शनिवारी उजाडताच मुलगी मीटर लावी, पायपंपाने हवा भरी. बाबा खिडकीतून म्हणत, "काय मिस्त्रीबाई, आहे ना सगळं ठाकठीक?"

पण तीन महिने एक भानगड चालली होती. शनिवारी बरोबर भरलेली हवा पुढच्या शनिवारी चार आकडे कमी. तेही चारही चाकांत.

"खिळा घुसला तर एका चाकात घुसेल," एका शनिवारी सकाळी ती आईला म्हणाली. "चारही चाकं संगनमत करून थोडीच गळतील?"

"मीटर वाचण्यात तुझीच गफलत होत असेल, बाळा. घाटात कमी हवेवर गाडी वळणाला डुलते गं. उद्यापासून पेट्रोल पंपावरच भरून घेते."

मुलीचा चेहरा पडला. काम हातचं जाणार होतं, आणि चूक कुठे होतेय तेच कळत नव्हतं. दुपारी आई ड्यूटीवरून परतून झोपली, तशी ती मगभर साबणाचं पाणी घेऊन खाली गेली. बुडबुडे येतील तिथे गळती.

मागच्या चाकापाशी बाबा उकिडवे बसले होते. एका हातात मीटर, दुसऱ्या हाताचं नख व्हॉल्व्हवर. फुस्स.

"बाबा?"

"अगं, सहज. एकदा बघून घेत होतो."

"दर शनिवारी?"

बाबांनी टोपण फिरवलं. जरा जास्तच वेळ फिरवलं. "लहान आहेस तू. जास्त भरतेस. हे बघ, सदतीस होते."

"गाडी आत्ता डोंगरावरून आलीय. टायर तापले की आकडा चढतो. हात लावून बघा."

बाबांनी हात लावला आणि काढून घेतला. "हे मला ठाऊक नव्हतं. सांगायचंस ना."

"तुम्ही विचारलंत कुठे? तीन महिने मी स्वतःलाच वेडी समजत होते. विश्वास नव्हता, तर मिस्त्रीबाई कशाला म्हणत होतात?"

"कौतुकानं म्हणायचो गं."

त्या कौतुकाचं काय करायचं ते तिला कळेना. मगातलं पाणी तिने तिथेच ओतलं. चुकीची हवा भरली असती तर तिने स्वतःचे कान धरले असते. पण खिडकीतून शाबासकी आणि पाठ वळली की फुस्स?

"आईला तुम्ही सांगा," ती म्हणाली.

जेवताना बाबांनी सांगितलं, ताटाकडे बघत. आई एवढंच म्हणाली, "आणि मी हिला बोलले." मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हवा तूच भर."

रविवारी आईला सुट्टी नव्हती. उजाडताच बाबा खाली आले आणि मीटरसाठी हात पुढे केला. मुलीने त्यांच्या पायाशी पंप सरकवला.

"तुम्ही भरा. मोजणार मी."

बाबा घामाघूम होईपर्यंत पंप मारत होते. पुढे पस्तीस झाले, मागे तेहतीस. "झालं ना, मिस्त्रीबाई?" त्यांनी विचारलं. तिने चारही टोपणं पुन्हा घट्ट पिळली.

"जा आत, दूध गार होतंय."

ती हलली नाही. आई खाली येऊन गाडी सुरू करून कोपऱ्यावर वळेपर्यंत ती चाकांपाशीच उभी राहिली, बाबा आणि गाडी यांच्या मधोमध.