लाल दोऱ्याची शिवण

अमळनेरहून समुद्र गाठायचा तर सुरतेपर्यंत गाडी आणि तिथून पुढं पुन्हा गाडी. मंजुळानं तो कधी पाहिला नव्हता. तरी समुद्रात काय चाललंय हे तिला अख्ख्या शाळेपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण तिची आजी सुंदरबाई आठवडी बाजारात सुके बोंबील विकायची.

सुंदरबाईची निवड करायची रीत साधी होती. पोतं उसवायचं, एकेक बोंबील पसरलेल्या पंज्यावर धरायचा. वितीपेक्षा लांब तो उजव्या ढिगात, आखूड तो डाव्या. सातवीत असताना मंजुळाच्या ध्यानात आलं की डावा ढीग वाढत चाललाय. तिनं आजीची वीत पट्टीवर मोजली, ती वीस सेंटिमीटर भरली. मग दर बाजारी शंभर बोंबील मोजायचे, हा नेमच धरला. पहिल्या हंगामात शंभरात बासष्ट वितीच्या वर होते, तिसऱ्यात एक्केचाळीस. मासा वाढायच्या आतच जाळ्यात येतोय, एवढं कळायला जहाज लागत नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव हे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेलं समुद्राचं वर्ष. गोव्यात मुलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. विज्ञानाच्या सोनवणे सरांनी मंजुळाची वही पाठवली आणि ती निवडली गेली. शाळेत पेढे वाटले. पेढे संपले आणि शहाणपण सुरू झालं.

सर म्हणाले, परिषद आंतरराष्ट्रीय, म्हणजे इंग्रजी आलीच. मराठीत बोलून हसं करून घ्यायचं का? तेव्हा बोलणार तिच्याच वर्गातला, गावातल्या पारसमल शेठजींचा नातू अभय, त्याची जळगावला इंग्रजीची शिकवणी होती. मंजुळानं तक्ता धरायचा. अभय पोरगा वाईट नव्हता, पण बोंबील त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही लांबून, नाक धरून. सरांनी लिहून दिलेलं आठ मिनिटांचं इंग्रजी त्यानं पाढ्यासारखं घोकलं. मंजुळा आतल्या आत धुमसत राहिली. तीन वर्षं हाताला बोंबलाचा वास तिच्या, आणि तोंड दुसऱ्याचं.

डिसेंबरात पणजीला सगळं ठरल्यासारखं झालं. अभय फडाफडा बोलला, टाळ्या पडल्या. मग परीक्षकांमधल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी इंग्रजीत प्रश्न विचारला. पाचवीपासूनच्या इंग्रजीवर मंजुळाला तो नीट कळला. व्यापारी मोठे मासे मुंबईला ठेवून बारके तुमच्याकडे पाठवत नसतील कशावरून?

हाच तो प्रश्न. याच्यावरच तिची तीन वर्षं उभी होती. उत्तर नसेल तर सगळी मोजणी पाण्यात. आणि उत्तर होतं. दर हंगामात सुंदरबाई स्वतः पालघरच्या बाजूला जायची, वाळवणाच्या बांबूंखाली उभी राहून न निवडलेला माल डोळ्यांदेखत पोत्यांत भरून घ्यायची आणि पोती स्वतःच्या लाल दोऱ्यानं शिवायची. तसा माल स्वस्त पडतो म्हणून सासूपासूनची ती रीत होती. आणि गेली तीन वर्षं ती शिवण मंजुळा शाळेतून आल्याशिवाय उसवली जात नव्हती. गिऱ्हाईक ताटकळलं तरी म्हातारी हलायची नाही.

मंजुळानं अभयच्या कानात सांगितलं, "माल मिसळ असतो, आजी स्वतः भरते म्हण." अभयनं भांबावून खाली सरांकडे पाहिलं. सरांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि अभयकडे बघून मान हलवली. त्यानं अडचणीसाठी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं: याचा आम्ही पुढं अभ्यास करू. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मंजुळा तक्त्याची काठी धरून उभी राहिली. एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि ते तिला बोलता आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याच बाई तक्त्यापाशी आल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या की आकडे फार सुरेख आहेत, कोणी मोजले? मंजुळानं बांबू, पोतं, लाल दोरा, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाईंनी तक्त्यावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाल्या, "अगं, हेच तर मी विचारत होते. तिथं का नाही सांगितलंस?"

मंजुळानं सरांकडे बघितलं. बाईंनी परिषदेचं पत्रक उलटं करून दाखवलं. मागच्या पानावर छापलं होतं की मुलांनी आपापल्या भाषेत बोलावं, दुभाषे हजर आहेत. सरांनी पुढचंच पान वाचलं होतं. ते चष्मा पुसत राहिले. गुण केव्हाच आयोजकांकडे गेले होते, आता बदलणं बाईंच्याही हातात नव्हतं. संध्याकाळी बक्षिसांची नावं वाचली, त्यांत अमळनेर नव्हतं.

परतीच्या गाडीत अभय म्हणाला, माझं चुकलं. त्याचं काय चुकलं होतं? राग सरांचा होता, आणि सरांपेक्षा स्वतःचा जास्त. कुणी तोंडाला कुलूप तर घातलं नव्हतं.

पुढच्या बाजारी ती पट्टी घेऊन पोचली तेव्हा पोतं शिवलेलंच होतं. सुंदरबाई त्याला टेकून बसली होती, समोर दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली.

"काय इचारं त्यास्नी?" तिनं विचारलं.

मंजुळानं प्रश्न सांगितला.

"मंग? लाल दोरानी गोट सांगी ना तू?"

"नही, मोठमाय. मी गप बसनी."

सुंदरबाईनं विळा उचलला, शिवणीला लावला आणि तसाच थांबवला.

"गप बसानं मालेबी येत व्हतं," ती म्हणाली. "त्यानासाठे तुले शाळामा कसाले धाडं मंग?"

आणि तिनं विळा मंजुळाच्या हातात दिला.